आय-८१ ने उत्तरेकडे: डिकीतला क्रॉसबो आणि तीन कायदे

अमेरिकेत हॅरिसबर्गहून आय-८१ हा महामार्ग धरला की ग्रेट बेंडपर्यंत सांगण्यासारखं फारसं काही नाही. मालट्रकांची रांग, स्क्रँटनच्या आसपासचे चढउतार आणि ऑक्टोबर असेल तर डोंगरावरचे रंग. ग्रेट बेंड हे पेनसिल्व्हेनियातलं शेवटचं गाव. गाडीत क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा धरून खटक्याने बाण सोडायचं आडवं धनुष्य असेल तर खरं प्रकरण तिथे सुरू होतं आणि माझी चिडचिडही.

पेनसिल्व्हेनियाच्या लेखी दोरी ताणून खटक्यात अडकवलेली आणि पुढे बाण बसवलेला, अशा दोन्ही गोष्टी असल्या तरच क्रॉसबो ‘भरलेला’. असा भरलेला क्रॉसबो वाहनात नको, वाहनावर नको आणि वाहनाला टेकवूनही नको, मग गाडी धावत असो की बंद उभी असो. रानातून परतल्यावर बूट काढता काढता तो बंपरला टेकवून ठेवायची सवय पुष्कळांना असते. बाण आत राहिला असेल तर तेवढ्यानेही कायदा मोडतो. पण बाण काढून घेतला की ताणलेला क्रॉसबोसुद्धा तिथे चालतो.

हद्द ओलांडून न्यूयॉर्कमध्ये शिरलं की हा हिशेब बदलतो. मोटारीतला क्रॉसबो ताणलेला असताच कामा नये, बाण कुठे का असेना. म्हणजे मागच्या मैलावर कायदेशीर असलेली तीच वस्तू, त्याच डिकीत, त्याच अवस्थेत पुढच्या मैलावर बेकायदा. रस्त्यावर पाटी? स्वागताची आहे. मोबाइलवर मेसेज पाठवायला पुढे कुठे थांबता येईल, याच्याही पाट्या दर थोड्या अंतरावर आहेत. शिकाऱ्यांच्या गाड्या हंगामभर याच रस्त्याने जातात, पण त्यांच्यासाठी एक ओळ लिहावी असं कुणाला वाटलेलं नाही. ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर तर कुठलाच पोलीस ऐकून घेत नाही.

हद्दीच्या अलीकडे रस्त्याकडेला थांबून दोरी सोडू, असं म्हणणं सोपं आहे. क्रॉसबो नुसता खटका दाबून रिकामा करता येत नाही. बाण नसताना दोरी सुटली की बाणाने न्यायची ती सगळी ताकद धनुष्याच्या हातांवर (दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या पट्ट्यांवर), त्यांच्या टोकांच्या चाकांवर आणि दोरीवर उलटते. त्या पट्ट्या चिरफळतात, दोरी तुटते, कधी तुकडे तोंडावर येतात. बाणाशिवाय खटका सुटू नये म्हणून नव्या मॉडेलांत एक अडसर असतो, पण मागच्या टोकाला चुकीची खाच असलेला बाण लावला तर तोही नीट काम करत नाही. दोरी हाताने धरून हळूहळू सोडायचा प्रयत्न तर करूच नये. दीडशे-दोनशे पौंडांची ओढ बोटांना झेपत नाही.

बरोबर पद्धत अशी. रुंद पात्याचं टोक काढून साधं टोक लावलेला एक जुना बाण याच कामासाठी वेगळा ठेवायचा; बोथट टोकाचे खास बाणही मिळतात. तो निर्मात्याने सांगितलेल्या किमान वजनापेक्षा हलका नको. तो सरावाच्या फोममध्ये किंवा दगड नसलेल्या भुसभुशीत मातीत, जवळून आणि खालच्या दिशेने सोडायचा. अंगठा आणि बोटं दोरीच्या वाटेच्या खालीच हवीत. इथेच सगळ्यात जास्त जखमा होतात. काही मॉडेलांत दोरी ताणायचं हँडल उलटं फिरवून दोरी सैल करता येते, पण ते माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असेल तरच. बाकीच्या यंत्रांत हँडल निसटलं की मनगटावर बसतं. आणि हे सगळं शिकारीच्या जागीच उरकायचं असतं. पेनसिल्व्हेनियात लोक राहत असलेल्या घरापासून पन्नास यार्डांच्या आत, परवानगीशिवाय, शिकार करताना बाण सोडता येत नाही. पेट्रोल पंपामागच्या गवताच्या पट्ट्यात हा उद्योग करणाऱ्यांना काय म्हणावं!

तसाही ताणलेला क्रॉसबो गाडीत ठेवणं मला अडाणीपणाचं वाटतं, कायदा काहीही म्हणो. तासन्‌तास ताणून ठेवला की दोरी लांबते आणि नेम हलतो. उन्हात तापलेल्या डिकीत तर दोरीवरचं मेण वितळतं आणि धनुष्याच्या हातांमधले थर सुटू लागतात.

क्रॉसबोसाठी पेटी घेतानाही लोक फसतात. जाहिरातीत क्रॉसबोची रुंदी सांगतात ती ताणलेल्या अवस्थेतली. ताणल्यावर ६ इंच असलेलं सडपातळ मॉडेल सैल सोडलं की १० इंचांच्या पुढे जातं. नेमकी हीच रुंदी पेटीत मावायला हवी. भाता काढून बाण वेगळ्या बंद डब्यात ठेवावेत आणि पात्यांची टोकं झाकावीत. अचानक ब्रेक लागला तर उघडं पातं सीटच्या कापडातून सहज आरपार जातं. क्रॉसबोवर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीवर काही ठेवू नये.

बिंगहॅम्टन, सिराक्यूज, वॉटरटाउन: कॉफी बेचव, स्वच्छतागृहं स्वच्छ. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही.

थाउजंड आयलंड्सचा पूल १९३८ सालचा आहे आणि त्यावरून दिसणारी सेंट लॉरेन्स नदी मन प्रसन्न करते. पलीकडे कॅनडाची चौकी. तिथे आधी माप निघतं: एका हाताने धरून मारता येईल असा बनवलेला क्रॉसबो किंवा ५०० मिलिमीटर अथवा त्याहून कमी लांबीचा कुठलाही क्रॉसबो कॅनडात निषिद्ध शस्त्र आहे. अमेरिकेत खेळण्यासारखे विकले जाणारे पिस्तुली क्रॉसबो त्यामुळे घरीच ठेवावेत. पूर्ण आकाराच्या दोन हातांच्या क्रॉसबोला बंदुकीचा परवाना लागत नाही, पण शस्त्रं आहेत का असं विचारलं की त्याचं नाव आपणच घ्यावं. त्याच पिशवीत माणसांवर मारायचा मिरचीचा फवारा किंवा बटण दाबताच उघडणारा चाकू निघाला तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाते. दोन्ही तिथे निषिद्ध आहेत. विसरलेल्या वस्तू नेहमी बाजूच्या कप्प्यातच सापडतात.

पूल उतरल्यावर लागणाऱ्या ऑन्टॅरिओ प्रांताचा शिकार कायदा क्रॉसबोला बंदुकीच्याच रांगेत बसवतो. ‘भरलेला’ची व्याख्या पेनसिल्व्हेनियासारखीच: ताणलेला आणि बाण लावलेला. तेव्हा सुटलो असं वाटतं. पण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, वन्यप्राण्यांचा वावर असलेल्या भागात, तो रिकामाही हवा आणि बंद पेटीतही हवा. दिवसभर मागच्या सीटवर पांघरूण टाकून ठेवलेला क्रॉसबो अंधार पडला की तेवढ्यानेच गुन्हा ठरतो. नॅपनीहून हायवे ४१ ने कॅलडारच्या पुढे निघालात की दोन्ही बाजूंना झाडी आणि तळी सोडून काहीच नसतं. तिथे हरणं येत नाहीत असा युक्तिवाद कुणी करू नये. ती समोरच उभी असतात. मी म्हणेन, पेटी सीमेवरच बंद करा आणि मुक्कामापर्यंत उघडू नका.

वाहन म्हणजे फक्त मोटार, असाही समज नको. ऑन्टॅरिओच्या व्याख्येत माणसाच्या ताकदीवर चालणारं वाहनही येतं, म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर भरलेला क्रॉसबो बांधला तरी गुन्हाच.

हे वाचून कुणाला भारतात क्रॉसबो घेऊन फिरायची हौस वाटली तर एवढं लक्षात ठेवावं: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहेत आणि कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाणारा रस्ता मेळघाटातूनच जातो. तिथल्या नाक्यावर ‘हे खेळाचं आहे’ म्हणून भागणार नाही.

त्याच हायवे ४१ वर पुढे बॉन एको इथल्या मॅझिनॉ तळ्याकाठचा कडा शंभरेक मीटर उंच आहे आणि त्यावर जुनी तांबडी चित्रं आहेत. ती होडीतूनच नीट दिसतात. मुक्कामी पोचल्यावर मात्र आधी पेटी उघडायची. एवढ्या लांबच्या हादऱ्यांनी दुर्बिणीच्या कड्यांचे आणि ताणताना पाय अडकवायच्या पायरकिबीचे स्क्रू सैल होतात. षटकोनी चावीने ते तपासायचे, दोरीचे धागे सुटलेत का ते बघायचं आणि पहिला बाण फोमवरच सोडायचा.