निविदा रद्द, खर्च चालूच

आम्ही ठेकेदार. त्या दिवशी दुपारी फायनान्शियल बिड, म्हणजे सगळ्यांचे दर, उघडणार होती. त्याआधीच्या टेक्निकलमध्ये, म्हणजे पात्रता आणि डिझाइनच्या तपासणीत, आम्ही पास झालो होतो. आमचे मालक, ज्यांना अख्खं ऑफिस अण्णा म्हणतं, सकाळपासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात येरझारा घालत होते आणि मी पोर्टल रिफ्रेश करत बसले होते. बाराच्या सुमारास एका पानाची पीडीएफ आली. प्रशासकीय कारणास्तव निविदा रद्द.

काम सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं, गुजरातमधल्याच एका पालिकेचं. टेंडर भरणं म्हणजे दर लिहून अपलोड करणं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण डिझाइन आमचंच असलं की आधी सगळा प्लांट कागदावर उभा करावा लागतो. रोज किती पाणी येणार, त्यात बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप, किती, टाक्या केवढ्या, पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर किती वीज खाणार. जमीन पालिकेची, तरी बोअर घेऊन माती आम्ही तपासून घेतली. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पायाचा हिशेब चुकला की अख्खं काम तोट्यात. शिवाय पंपवाल्यांची कोटेशनं, सीएचं टर्नओव्हर सर्टिफिकेट, बँकेचं सॉल्व्हन्सी म्हणजे पत असल्याचं सर्टिफिकेट, स्टॅम्पपेपरवरचा जॉइंट व्हेंचरचा करार. टेंडर फी तर परत मिळतच नाही. ईएमडी, म्हणजे निविदेसोबतच्या अनामत रकमेसाठी बँक गॅरंटी दिलेली, तिच्यापोटी एफडी अडकलेली, वर बँकेचं कमिशन.

अण्णा म्हणाले, "ताई, पत्र घालून पाहा. निदान माती-तपासणीचे तरी पैसे सुटतात का."

सुटणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं. बिड तयार करण्याचा खर्च बिडरचा, आणि कारण न देता सगळ्या निविदा फेटाळण्याचा हक्क पालिकेचा, ही कलमं जवळपास प्रत्येक टेंडरमध्ये असतात. कोर्टात जायचं म्हटलं तरी सर्वोच्च न्यायालयाने 1994 सालच्या टाटा सेल्युलर प्रकरणात म्हटलंच आहे की सर्वात कमी दराची निविदासुद्धा नाकारायला सरकार मोकळं आहे. फक्त त्यात मनमानी नको. आता मनमानी सिद्ध करायला वकील लावा, आणि पुढचं टेंडर त्याच पालिकेत भरा!

तरी त्यांच्या समाधानासाठी बाहेरच्या देशांत काय करतात ते शोधलं. ब्रिटनमध्ये 2012 साली वेस्ट कोस्ट रेल्वेची निविदा प्रक्रिया सरकारी आकडेमोडीतल्या चुकांमुळे रद्द झाली, तेव्हा चार बिडरांचा खर्च सरकारने भरून दिला, सुमारे 4 कोटी पौंड. मेलबर्नचा ईस्ट वेस्ट लिंक रस्ता सरकार बदलल्यावर गुंडाळला गेला. तिथे करारावर सह्या झालेल्या होत्या. 2015 च्या तडजोडीत कंपन्यांना 33.9 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, आणि न झालेल्या त्या रस्त्याचा एकूण भुर्दंड तिथल्या महालेखापरीक्षकांनी 110 कोटींच्या वर काढला.

"म्हणजे तिकडे जनतेने भरले, इकडे आपण," अण्णा म्हणाले.

मलाही तसंच वाटलं, पण हिशेबाचे काका हसले. त्यांनी 'टेंडर खर्च' नावाचं खातं उघडून दाखवलं. हरलेल्या निविदा तिथे, रद्द झालेल्याही तिथेच. हरलेल्यांचं मला वाईट वाटत नाही. आम्ही हरतो तेव्हा कोणीतरी आमच्याहून कमी दरात काम घेतलेलं असतं, लोकांचा तेवढा फायदा. रद्द निविदेत तोही नाही. सल्लागाराची डीपीआरची, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाची, फी पालिकेने दिलेली, जाहिराती छापून झालेल्या, इंजिनिअरांनी आमचे गठ्ठे तपासण्यात दिवस घातलेले, आणि पदरात शून्य.

आणि ते खातं वर्षअखेरी कुठे जातं? ओव्हरहेडमध्ये, म्हणजे प्रत्येक कामाच्या दरात धरायच्या कंपनीच्या वरखर्चात. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दर विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि ओव्हरहेड मिळून 15 टक्के धरलेले असतात. त्यात साइट ऑफिस, पगार, व्याज असं सगळंच कोंबायचं असतं. रद्द टेंडरं वाढली की ते पुरत नाही.

संध्याकाळी दुसऱ्या एका गावाच्या पाण्याच्या पाइपलाइनचं टेंडर मी पूर्ण करत होते. अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ओव्हरहेड अर्धा टक्का वाढवा." मी वाढवला. ते काम आम्हाला मिळालं. त्या गावाने या सांडपाण्याच्या प्लांटचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच्या रद्द टेंडरचा वाटा मात्र त्यांच्या पाणीपट्टीतून वसूल झाला. आम्हाला कोणी ठेकेदार लोक लुटारू म्हटलं की मला हा अर्धा टक्का आठवतो. लूट म्हणायचीच, तर ती नेमकी कोणाच्या टेबलावर सुरू झाली?

काही महिन्यांनी तेच काम पुन्हा निघालं, नव्या एसओआरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकावर, वाढलेल्या अंदाजपत्रकासह. बिड भरण्याआधीच्या शंकानिरसनाच्या प्री-बिड मीटिंगला मागच्या वेळची एक जुनी, चांगली कंपनी आलीच नाही. स्पर्धक कमी म्हणजे दर चढणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, पालिकेच्या साहेबांनासुद्धा.

"भरायचं?" मी विचारलं.

"भरू. पण प्लांटची जागा हलवली आहे ना? या वेळी बोअर नको. कोण पुन्हा तेवढे पैसे मातीत घालणार!"

म्हणून नव्या जागेची माती न तपासताच दर काढला. खाली वाईटात वाईट जमीन आहे असं गृहीत धरलं, पाया त्या मानाने जाड केला आणि त्याचं सगळं काँक्रीट आणि लोखंड दरात घातलं.