कलप सोडताना

कलप सोडायचं ठरवायला एक मिनिट पुरतं, निभावायला दोन वर्षं लागतात. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे, म्हणजे ३० सेंटिमीटरचे केस असतील तर दोन ते अडीच वर्षं धरून चाला. हा हिशेब माहीत नसला की धीर सुटतो.

सुटतो तो बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं पांढरं आणि त्याखाली एकदम काळंकुट्ट. डोळ्यांत भरते ती ही रेघ, आणि ती ठळक दिसते जुन्या कलपाच्या गडद काळ्यामुळे. तेव्हा तो काळा मोडायचा. केस आखूड कापले तर सहा-आठ महिन्यांत सुटका होते. लांबी ठेवायची असेल तर रंगवलेल्या भागात बारीक, फिकट हायलाइट्स करून घ्या. पण त्याला ब्लीच लागतं आणि केस कोरडे पडतात, म्हणून आधी मागच्या एका बटेवर करून बघा. रंग उतरवणाऱ्या उत्पादनांवर फार भिस्त ठेवू नका. पक्क्या कलपातलं हायड्रोजन पेरॉक्साइड न पिकलेल्या केसांचा मूळ रंगही फिका करतं. कलप निघाला तरी खाली तांबूसपणा उरतो.

पांढरे केस उन्हाने, जड पाण्याने, गरम उपकरणांनी पिवळट होतात. त्यावर पिवळेपणा मारणारा जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदा, दोन-तीन मिनिटं लावा. जास्त वेळ ठेवला तर जांभळी झाक येते.

खरी कसोटी लोकांच्या प्रश्नांची. "बरं नाही का?" हे हमखास विचारलं जातं. "बरी आहे, कलप सोडलाय," एवढंच सांगावं. कारणं द्यायला लागलं की समोरच्याला मत द्यायची मुभा मिळते, आणि मग आपलंच मन डळमळतं.

कलप लावणारी माणसं खोटी वागतात असं मला मुळीच वाटत नाही. आवडीने लावत असाल तर खुशाल लावा. पण कोण काय म्हणेल या धास्तीनेच दर तीन आठवड्यांनी हात डबीकडे जात असेल, तर एकदा थांबून बघण्यासारखं आहे. कारण आपले केस नेमके कसे पिकलेत, हे कित्येक वर्षं आपणही पाहिलेलं नसतं: कानशिलांवर दाट चांदी, कपाळाशी एखादीच बट, आणि मानेजवळ अजून बराचसा काळा.