बाबूच्या वर्गात मागे बसलेल्या बाई

इथे इंग्लंडमधल्या शाळेत सायकॉलॉजिस्ट बाई माझ्या मुलाला, बाबूला, बघायला येणार म्हणून आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. त्याला वेगळ्या खोलीत नेतील, ठोकळे लावायला सांगतील, बुद्ध्यांक काढतील आणि एक कागद हातात ठेवतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. गोव्यात, फोंड्याला दादाच्या मुलाचं असंच झालं होतं. दहावीला जादा वेळ मिळाला, पण वर्गात काय बदलायचं ते कोणी सांगितलं नाही.

या बाई वर्गात मागे, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर दीड तास बसल्या. मग मला आणि वर्गशिक्षिकेला समोर बसवून म्हणाल्या, "चार सूचना एकदम दिल्या की तो शेजारच्याच्या वहीत बघतो. एकेक द्या, सोबत चित्र दाखवा." दीड तासात तपासणी झाली ती वर्गाची. शिक्षिकेने मुकाट्याने लिहून घेतलं. मला रडू आलं.

1913 साली लंडनच्या कौन्सिलने सिरिल बर्टना नेमलं, ते ब्रिटनमधले शाळेच्या मुलांसाठीचे पहिले सायकॉलॉजिस्ट. साध्या शाळेत न टिकणारी मुलं निवडून बाजूला काढायची, हे त्यांचं एक मुख्य काम. खास गरजांच्या मुलांच्या शिक्षणावरचा 1978 चा वॉर्नॉक अहवाल आणि 1981 चा कायदा आल्यावर वारं फिरलं, अशा मुलांना शक्यतो साध्या शाळेतच शिकवायचं ठरलं. आता 2014 च्या कायद्याने अशा मुलाच्या मदतीचा जो आराखडा करतात, त्याच्या पहिल्याच भागात मुलाचं आणि आईबापाचं म्हणणं असतं.

बाबूचं म्हणणं काय? त्याने माटोळीचं चित्र काढलं (चवथीला गणपतीच्या वर फळं बांधतात ती चौकट). नारळ, सुपारीचा घोस, कवंडळं, आंबाडे. "आजोबा वर बांधतात, मी खालून देतो," म्हणाला. बाईंनी एकेका फळाचं नाव विचारलं, त्याने न अडखळता सांगितलं. 'क्रम नीट लक्षात राहतो' असं अहवालात आलं आणि 'माटोळी' हा शब्दही, त्यांच्या स्पेलिंगमध्ये. ज्याला दोन ओळी धड वाचता येत नाहीत, त्याच्याबद्दल हे!

सगळं गोड नाही. कायद्याने 20 आठवड्यांत आराखडा व्हायला हवा, आमचा 34 वा चालू आहे. सायकॉलॉजिस्टच कमी आहेत, तीन वर्षांची डॉक्टरेट केल्याशिवाय इथे ते होता येत नाही.

आई फोनवर म्हणते, गावच्या मराठी शाळेत घातला असतास तर बाईंनीच सांभाळला असता. खरं आहे, मला बाईंनी शेजारी बसवून पाढे शिकवले. आपल्याकडे काही नाही असंही नाही: 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पर्वरीला अशा मुलांसाठी काम करणाऱ्या सेतू, संगथसारख्या संस्था आहेत, 2023 ला पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट झाला. तिथेही आपलीच माणसं जीव ओतून काम करतात. पण माझ्याच वर्गात एक मुलगा 'मठ्ठ' म्हणून चार वर्षं मागच्या बाकावर बसला. त्याच्यामागे येऊन दीड तास कोणी बसलं नाही. म्हणून आम्ही अजून दोन वर्षं इथेच काढणार. नवऱ्याची रात्रपाळी, माझी थंडी, सगळं धरून. आई, रागावू नको.

यंदाही चवथीला येणं होत नाही. बाबा, माटोळी बांधताना व्हिडिओ कॉल लावा. फळांची नावं बाबूलाच विचारा.