स्वागत समिती

शनिवार, रात्री उशिरा

पाय दुखतायत, आवाज बसलाय, तरी झोप येत नाहीये. झाली एकदाची परिषद. विषय मुली आणि तंत्रज्ञान, आणि सगळं आम्ही विद्यार्थ्यांनीच करायचं, शिक्षकांनी नुसतं मागे बसायचं असं ठरलेलं. मॅडम खरंच मागे बसल्या. (किती जड जात होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.)

डोक्यात मात्र परिषद नाही, यादी घोळतेय. गुरुवारी कामं वाटली ती मीच. प्रोजेक्टर, माइक, लॅपटॉप: तिन्हीकडे मुलगे. स्वागत, नावनोंदणी, पाहुण्यांना पाणी, सूत्रसंचालन: अकरा मुली. असंच कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप चालला. दोन दिवस यादी भिंतीवर होती, सगळे तिच्यासमोरून गेले. कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही.

खटकलं ते आज, स्वतःच्याच भाषणात. माझा विषय होता एनियाक, अमेरिकेतला अगदी सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक संगणक. 30 टनांचं धूड, 18,000च्या आसपास व्हॅक्यूम ट्यूब, आणि त्यावर गणितं मांडणाऱ्या सहाजणी: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. (दोन बेटींनी पाठांतरात फार छळलं.) प्रोग्रॅमिंगची भाषा नाही, माहितीपुस्तिका नाही. सुरुवातीला तर यंत्र बघायचीही परवानगी नव्हती, नुसते आराखडे हातात दिलेले. त्यावरून त्या यंत्र शिकल्या, मग केबल जोडून आणि स्विच फिरवून गणित त्यात बसवलं. 1946च्या फेब्रुवारीत जाहीर प्रात्यक्षिक झालं, तोफगोळ्याच्या मार्गाचं. ते जमवलं दोघी बेटींनी, पण रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतंच. पुढे चाळीसेक वर्षांनी कॅथी क्लाइमन नावाच्या विद्यार्थिनीने जुने फोटो बघून विचारलं, या बायका कोण? उत्तर मिळालं, यंत्र उठून दिसावं म्हणून शेजारी उभ्या केलेल्या मॉडेल.

हे बोलता बोलता माझी नजर स्टेजच्या कडेला गेली. आमच्या दोघीजणी पुष्पगुच्छ धरून उभ्या. पलीकडे लॅपटॉपभोवती मुलगे. मी पुढची ओळच विसरले. लोकांना वाटलं मुद्दाम थांबलेय, टाळ्याही पडल्या!

आणि दुपारच्या सत्रात माइक गेला. नुसती घरघर. आवाजाच्या टेबलावरचा मुलगा बिचारा घाम पुसत एकेक बटण दाबून बघत होता. तेवढ्यात गुच्छवालींपैकी एक, आठवीतली, गुच्छ खुर्चीवर ठेवून टेबलाखाली शिरली. एक केबल काढली, दुसरी लावली, ऐकलं. मग पहिली परत जागेवर, आणि पुढची बदलली. मी वाकून विचारलं, "सगळ्याच बदलून टाक ना एकदम?"

"नको ताई. एका वेळी एकच. नाहीतर खराब कुठली ते कळणार कसं?"

तिसऱ्या केबलला घरघर थांबली. खराब निघाली तिला तिने गाठ मारली, पुन्हा कुणी चुकून लावू नये म्हणून. गुडघे झटकले, गुच्छ उचलला आणि जागेवर जाऊन उभी राहिली. यादीत तिच्या नावापुढे तेच लिहिलेलं होतं.

बाकी कार्यक्रम चांगला झाला म्हणे. दोन वक्त्या वेळेआधी आल्या, एक लांबली, प्रश्नोत्तरं आटोपती घ्यावी लागली. जाताना मॅडमनी पाठीवर हात ठेवला, तेव्हा यादीचं सांगणार होते. नाही सांगितलं.

आत्ता फोटो आलेत, दोनशेच्या वर. सगळे बघितले, मग परत एकदा बघितले. त्या आठवीतल्या मुलीचा एकच आहे, गुच्छ घेतलेला. टेबलाखालचा कुणीच काढला नाही. मीही नाही, मी माइक धरून उभी होते. त्या एका फोटोखाली कुणीतरी लिहिलंय, 'किती गोड दिसतेय!'