हजार वॅटचा हॅलोजन आणि अकरा वॅटची ट्यूब

फोंड्याला हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवतो. फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचा (उजेड पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो) इलेक्ट्रोस्कोपवाला (चार्ज दिला की त्यातलं धातूचं पातळ पान वर उठतं, चार्ज गेला की खाली येतं) प्रयोग पावसाळ्यात करायच्या फंदात पडत नाही, आपल्याकडच्या दमट हवेत चार्ज टिकतच नाही, पान आपोआप खाली येतं. म्हणून यंदा जानेवारीत घेतला.

झिंकची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासली (ऑक्साईडचा थर राहिला की सगळा खेळ खलास), इलेक्ट्रोस्कोपवर बसवली, पीव्हीसी पाईप लोकरीवर घासून निगेटिव्ह चार्ज दिला, पान मस्त वर उठलं. वर्गातल्या एकाच्या पप्पांचं मंडप-लाईटचं काम आहे, तो जत्रेतल्या नाटकांना लावतात तसला हजार वॅटचा हॅलोजनच घेऊन आलेला. लावला. लॅब नुसती उजळून निघाली, पट्टी हात लावला तर चटका बसेल एवढी तापली, पण पान ढिम्म. मागून एकजण ओरडला, "सर, पान हालना मरे!"

मग वॉटर फिल्टरमधली ११ वॅटची यूव्ही ट्यूब काढली, ती पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलेली, कारण तो उजेड डोळ्यांना आणि कातडीला वाईट. स्विच टाकला आणि पान लगेच खाली यायला लागलं, म्हणजे पट्टीतून इलेक्ट्रॉन सुटून निगेटिव्ह चार्ज जायला लागला. मध्ये साधी खिडकीची काच धरली की तिथल्या तिथे थांबायचं, काच काढली की परत सुरू. पोरांनी हे परत परत करायला लावलं.

हॅलोजनवाला जरा खट्टूच झाला. "सर, मग एवढी एनर्जी गेली कुठे?" प्रश्न एकदम रास्त. गेली पट्टी तापवण्यात. झिंकमधून इलेक्ट्रॉन सुटायला साधारण ४.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एनर्जीचं छोटंसं माप) लागतात आणि ते एकाच फोटॉनने, म्हणजे उजेडाच्या एकाच कणाने, एका फटक्यात द्यायचे असतात. दिसणाऱ्या उजेडातला जांभळा फोटॉनसुद्धा ३ च्या आसपास, आणि हॅलोजनमध्ये जे थोडंफार यूव्ही असतं ते पुढची काचच खाते. ट्यूबचा २५४ नॅनोमीटरवाला फोटॉन मात्र ४.९ चा. शंभर जणांनी टिचक्या मारल्या म्हणून नारळ फुटतो का? १९०५ मध्ये आइनस्टाईनने हेच मांडलं, आणि नोबेल मिळालं ते ह्याच्यासाठी, रिलेटिव्हिटीसाठी नाही, हे ऐकून दरवर्षी अर्धा वर्ग चाट पडतो.

मग ट्यूब लांब नेली. पान हळू पडायला लागलं पण पडत राहिलं, म्हणजे इंटेन्सिटी कमी तर इलेक्ट्रॉन कमी, एवढंच. प्रत्येक इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त एनर्जी तीच राहते हे इथे दिसत नाही, त्याला फोटोसेलचं (उजेड पडला की करंट देणाऱ्या नळीचं) किट हवं: बल्ब लांब नेला की करंट उतरतो, स्टॉपिंग पोटेन्शियल (सगळ्यात जोरदार इलेक्ट्रॉनलाही थांबवणारं उलटं व्होल्टेज) जागचं हलत नाही, आणि उजेडाचा रंग निवडणारा फिल्टर बदलला की ते लगेच बदलतं.

बेल व्हायला आली तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "सर, पॉझिटिव्ह चार्ज देऊन बघूया ना." पाईप जवळ धरून पट्टीला बोट लावलं, आधी बोट मग पाईप काढला, झाली पॉझिटिव्ह. ट्यूब लावली, पान जागेवर. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, इलेक्ट्रॉन सुटत असणार सर, पण पट्टी त्यांना परत ओढून घेते.