हॅलो लावून काढलेले महिने

अपघातानंतर हातपाय हलत होते, मुंग्या नव्हत्या, फक्त मान धरली होती. सीटी स्कॅनमध्ये मात्र मानेच्या दुसऱ्या मणक्याचा वर आलेला सुळका मुळाशी मोडलेला दिसला. ओडोंटॉइड फ्रॅक्चर, टाइप टू. तिथे मज्जारज्जूभोवती बरीच मोकळी जागा असते, म्हणून मी धडधाकट दिसत होते. तुकडा सरकला असता तर श्वासावरच बेतलं असतं.

मुळाशी मोडलेला सुळका सहजासहजी जुळत नाही. पर्याय होते समोरून स्क्रू, मागून पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना जोडणं, नाहीतर हॅलो, म्हणजे कवटीला पिनांनी बसवलेली आणि छातीवरच्या जाकिटाला दांड्यांनी जोडलेली कडी, जी मान हलू देत नाही. मान डावी-उजवीकडे वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल याच दोन मणक्यांमधली. ते जोडले की ती गेलीच. माझा तुकडा फारसा सरकला नव्हता, वयही आड येत नव्हतं, म्हणून हॅलो ठरला. वयस्कर माणसांना तो झेपत नाही, गिळताना आणि श्वास घेताना त्रास होतो. त्यांना बरेचदा कडक कॉलरच देतात.

१९५९ साली पेरी आणि निकेल या अमेरिकी डॉक्टरांनी पोलिओने मान लुळी पडलेल्या रुग्णांसाठी वापरलेली ही कडी. भूल फक्त पिनांच्या जागी देतात. कपाळावरच्या पिना बसवताना डॉक्टर म्हणाले, “डोळे घट्ट मिटा.” कातडी ताणलेली राहिली तर नंतर पापण्या पुरत्या मिटत नाहीत. दुखण्यापेक्षा कवटीवर येणारा दाब जास्त जाणवला. एक-दोन दिवसांत पिना पुन्हा आवळल्या. जाकिटाच्या छातीवर एक पाना चिकटवला होता. हृदय बंद पडलंच तर पुढचा भाग झटकन उघडता यावा म्हणून. घरातल्या प्रत्येकाला मी तो दाखवून ठेवला.

पिनांची जागा रोज सलाईनने पुसायची. पिन करकरली, दुखली किंवा पू दिसला तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. स्वतःची पावलं दिसत नाहीत, त्यामुळे उंबरा आणि पायऱ्या यांची खरी भीती. झोपताना मानेखालच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी लागायची.

साधारण १२ आठवड्यांनी सीटीत हाड धरलेलं दिसलं. हॅलो काढल्यावर मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे घेतले, मणके जागचे हलले नाहीत. डोकं मात्र इतकं जड वाटलं की हाताने सावरावं लागलं. पुढे काही आठवडे कॉलर, मग फिजिओ. आता उजवीकडे मान थोडी कमी वळते, मागे बघताना मी खांद्यातून वळते. वजन उचलायला अजून परवानगी नाही.