आधी कोणी बोलायचं? वाचनालयाचा बॉट तीन ठिकाणी चालवताना

चॅटबॉट कसा बनवायचा याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं पडलेत, आणि त्यातले बरेचसे टेलिग्रामवर ‘हाय’ला ‘हाय’ आलं की संपतात. तेवढं काम खरंच सोपं आहे. बॉटफादरकडे (नवीन बॉट नोंदवून देणारा टेलिग्रामचाच बॉट) जायचं, नाव द्यायचं, तो टोकन म्हणजे बॉटची गुप्त किल्ली देतो, वीसेक ओळी कोड लिहायचा की झाला बॉट. डोक्याला ताप पुढे आहे, तोच बॉट आणखी दोन ठिकाणी न्यायचा म्हटलं की.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी असा बॉट मी बनवलाय. कामं चारच. पुस्तक आहे का ते बघणं, मुदत वाढवून घेणं, परत करायची तारीख जवळ आली की आठवण करणं आणि अभ्यासिकेत जागा आहे का ते सांगणं. बास. (‘चॅटजीपीटी जोडलंस का रे’ हे भेटेल तो विचारतो. नाही जोडलं. पुस्तक कपाटात आहे की नाही याचं उत्तर डेटाबेसमधे आहे, त्यात कुणी कल्पनाशक्ती लढवायची गरज नाही.)

तीन ठिकाणं का, तर माणसंच तीन ठिकाणी आहेत. अभ्यासिकेतली एमपीएससीवाली पोरं अख्खी टेलिग्रामवर, नोट्सच्या पीडीएफ, चालू घडामोडी, टेस्ट सिरीज सगळं तिथंच. जुने सभासद व्हॉट्सॲपवर, त्यात सचिवकाकांनी पुण्याला गेले असताना मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर काढलेलं, तेव्हापासून ‘अगदी तस्संच आपलं व्हायला पाहिजे’ हे पालुपद. आणि फेसबुक पेजच्या इनबॉक्समधे लोक काहीबाही विचारत असतात, त्याला कोणी उत्तर देत नाही, म्हणून मेसेंजर.

कागदावर रचना सरळ दिसते. मधे एक गाभा, ज्याला टेलिग्राम काय नि व्हॉट्सॲप काय, काही माहीत नाही, त्याला फक्त एवढं कळतं की अमुक सभासदाला अमुक पुस्तकाची मुदत वाढवून हवीय. आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मचा एकेक अडॅप्टर, जो तिकडून आलेला जेसन (ठरावीक मांडणीत लिहिलेली मेसेजची माहिती) आपल्या साच्यात बसवतो आणि गाभ्याचं उत्तर तिकडच्या पद्धतीनं पाठवतो. इथपर्यंत सगळेच येतात. पुढे बरेच जण गाभ्यातूनच ‘हा मजकूर आणि ही तीन बटणं’ असं उत्तर काढायला लागतात आणि तिथं घोळ होतो, कारण बटण ही त्या त्या प्लॅटफॉर्मची भानगड आहे. व्हॉट्सॲपवर एका मेसेजला रिप्लाय बटणं जास्तीत जास्त तीन, चौथं हवं असेल तर लिस्ट मेसेज काढा आणि त्यातही दहाच ओळी. मेसेंजरच्या क्विक रिप्लायला तेरापर्यंत चालतात. टेलिग्रामवर बऱ्यापैकी मोकळं रान आहे. म्हणून गाभ्यानं ‘याच्यापुढे हे सहा पर्याय आहेत’ एवढंच सांगावं, ते बटणात दाखवायचे की यादीत की एक दोन तीन नंबर टाकून, हे अडॅप्टरनं बघावं. उगाच सगळीकडे सारखं दिसावं म्हणून टेलिग्रामवाल्यांनाही तीनच बटणं देण्यात काही अर्थ नाही.

पण हे सगळं फॉरमॅटचं झालं, ते कोड लिहून सुटतं. कोडनं न सुटणारी गोष्ट म्हणजे आधी कोणी बोलायचं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी आठवणीला होती. पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळतं आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी बॉटनं सांगायचं. म्हणजे बॉटनं स्वतःहून बोलायचं, आणि तेही समोरचा माणूस शेवटचं बोलून जवळजवळ दोन आठवडे झाल्यावर. टेलिग्रामचा नियम असा की बॉट कुणाशी पहिल्यांदा आपणहून बोलू शकत नाही, पण माणसानं एकदा स्टार्ट दाबलं की मग ब्लॉक करेपर्यंत कधीही मेसेज पाठवा, पैसे शून्य. ब्लॉक केलं की ४०३ एरर येते, ती आली की त्या माणसाची आठवण बंद करून टाकायची, रोज सकाळी दार ठोठावत बसायचं नाही.

व्हॉट्सॲपचं तसं नाही. सभासदाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास तुम्ही काय हवं ते बोला, त्यानंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या मजकुराचा साचा. टेम्प्लेटचे प्रकार मार्केटिंग (जाहिरात), युटिलिटी (चालू व्यवहाराची माहिती) आणि ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं), आणि १ जुलै २०२५ पासून पैसे दर टेम्प्लेट मेसेजमागे, त्यात मार्केटिंग युटिलिटीपेक्षा महाग. आता आमचं वाचनालय ‘ब’ वर्गाचं, अनुदान आणि वर्गणीवर चालणारं, तिथं दर मेसेजला पैसे म्हटल्यावर कार्यकारिणीच्या मीटिंगमधे चर्चा होणारच. टेम्प्लेट साधं होतं, ‘नमस्कार, आपण नेलेल्या पुस्तकाची मुदत अमुक तारखेला संपत आहे’, नावाची आणि तारखेची जागा मोकळी. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “अहो त्याच्याखाली एक ओळ टाका ना, नवीन दिवाळी अंक आलेत, जरूर या म्हणून.” सूचना चांगलीच होती, फक्त ती ओळ टाकली की ते युटिलिटी राहत नाही, मार्केटिंग होतं, आणि तीच आठवण महागात पडते. शेवटी दिवाळी अंकांची गोष्ट वेगळी ठेवली, सभासद स्वतः काही विचारायला आला की उत्तराच्या शेवटी ती ओळ जाते, कारण तेव्हा २४ तासांची विंडो उघडी असते आणि साध्या उत्तराला पैसे पडत नाहीत.

मेसेंजरवरही २४ तासांचीच विंडो. तिथं मी आठवण दिलीच नाही. मेसेंजरवर कोणी आठवण मागितली की बॉट सरळ सांगतो, आठवण हवी असेल तर टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपला या. तिन्हीकडे सगळं असलंच पाहिजे हा हट्ट सोडला तर निम्मं काम कमी होतं, हे माझं ठाम मत झालंय.

आता मराठीतून बॉट करणाऱ्यांसाठी खास, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमधे सापडणार नाही. व्हॉट्सॲपच्या बटणावर २० कॅरेक्टरची मर्यादा आहे. ‘पुस्तकाची मुदत वाढवून द्या’ हे डोळ्यांना बारा अक्षरं आणि तीन स्पेस, म्हणजे पंधरा दिसतं. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलंत सगळे युनिकोडमधे (संगणकाच्या अक्षरांच्या यादीत) वेगवेगळे मोजले जातात, तसं मोजलं की होतात २६. ‘पुस्तकाची मुदत वाढवा’ केलं की बरोब्बर २०, बसलं. टेलिग्रामचं आणखी पुढचं, तिथं बटणामागे जो कॉलबॅक डेटा (बटण दाबल्यावर बॉटकडे परत येणारा मजकूर) जातो त्याला ६४ बाइटची मर्यादा, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीमधे देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मराठी ऐतिहासिक कादंबरी’ एवढ्यानंच ६२ बाइट भरतात, पुढे ‘शोध:’ लावलं की ७२, बटण नापास. तेव्हा डेटामधे मराठी शब्द घालूच नका, विभागाचा आयडी घाला, शब्द फक्त दिसण्यापुरते.

आकड्यांचंही बघा. सभासद क्रमांक कोणी इंग्रजी आकड्यांत टाकतं, कोणी देवनागरीत. मजकुरातून संख्या काढणारं पायथन भाषेचं इंट फंक्शन देवनागरी आकडे गपगुमान घेतं, जावास्क्रिप्टचं नंबर घेत नाही, नॅन (‘ही संख्या नाही’) देतं. आणि टेलिग्रामचं मार्कडाउन व्ही-२ (ठळक, तिरपं लिहायची खुणांची पद्धत) लावलं असेल तर टिंब, हायफन, कंस, उद्गारचिन्ह प्रत्येकाच्या आधी बॅकस्लॅश लागतो, नाहीतर अख्खा मेसेज ४०० एररनं परत. ‘दंड रु. ५’ यातल्या त्या एका टिंबानं मेसेज अडतो. मी एचटीएमएल मोड लावला, त्यात तीनच चिन्हं सांभाळायची.

सगळ्यात नामी सापळा मेटाच्या, म्हणजे व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या कंपनीच्या, सहीचा. व्हॉट्सॲप आणि मेसेंजरचा वेबहुक (नवीन मेसेज आला की त्यांनी आपल्या सर्व्हरला आपणहून दिलेली वर्दी) आला की त्याबरोबर हेडरमधे एक एसएचए-२५६ची सही येते, आपल्या गुप्त कीनं तसाच हिशोब करून ती जुळवायची, म्हणजे मेसेज खरंच मेटाकडून आलाय हे कळतं. आता बरेच फ्रेमवर्क (कोड लिहायची तयार चौकट) बॉडी, म्हणजे वर्दीतला मुख्य मजकूर, आधी पार्स करून म्हणजे उलगडून देतात आणि लोक तोच जेसन पुन्हा स्ट्रिंग करून सही काढतात. ‘हाय’ पाठवलं की अनेकदा जुळतं! ‘नमस्कार’ पाठवलं की नाही जुळत. कारण मेटा सही करताना देवनागरी अक्षरं जशीच्या तशी घेत नाही, त्यांचे एस्केप केलेले कोड (अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक) घेते, आणि आपण पुन्हा बनवलेल्या स्ट्रिंगमधे ती मूळ अक्षरं असतात. म्हणजे टेस्टिंग इंग्रजीत केलं तर सगळं हिरवं आणि गावात गेलं की बंद. उपाय एकच, आलेली कच्ची बॉडी बाइट न् बाइट तशीच ठेवायची आणि तिच्यावरच सही काढायची.

माणूस ओळखणं हा वेगळा विषय. टेलिग्राम एक चॅट आयडी देतो, फोन नंबर आपणहून देत नाही. व्हॉट्सॲपचं मुख्यतः फोन नंबरवर. मेसेंजर त्या पेजपुरताच चालणारा एक आयडी देतो. एकच बाई तिन्हीकडून आल्या तर बॉटला त्या तीन वेगळ्या बायका. मग सभासद क्रमांक टाकायचा, काउंटरवर मॅडमकडून चार आकडी कोड घ्यायचा, तो बॉटला द्यायचा की खातं जोडलं. ओटीपी करता आला असता, पण एसएमएसचा खर्च आणि त्याची कटकट कोण करणार, लोक तसेही पुस्तक बदलायला काउंटरवर येतातच. आणि लॉगमधे (बॉटच्या कामाच्या नोंदींत) कोण काय वाचतंय ते लिहायचं नाही हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. बरोबरच आहे त्यांचं.

डिप्लॉयचं, म्हणजे बॉट प्रत्यक्ष कुठे चालवायचा त्याचं, म्हणाल तर सुरुवातीला नुसता टेलिग्राम होता तेव्हा बॉट वाचनालयातल्या जुन्या पीसीवर लाँग पोलिंगनं चालायचा, म्हणजे पीसीच टेलिग्रामला विचारत राहतो, बाहेरून कुणाला आत येता यावं म्हणून पीसीला सार्वजनिक पत्ता द्यावा लागत नाही, डोमेन नको की काही नको. लाइट गेली तरी टेलिग्राम मेसेज २४ तासांपर्यंत धरून ठेवतो. फक्त लाइट आल्यावर ‘आत्ता जागा आहे का’ला पाच तासांनी उत्तर जाणं म्हणजे विनोद, म्हणून मेसेजची वेळ तपासून शिळे प्रश्न गाळायचे. व्हॉट्सॲप आलं की मात्र पब्लिक एचटीटीपीएस वेबहुक लागतोच, स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट चालत नाही, मग एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, पुढे आलेली मागणी आत पाठवणारा एनजिनएक्स, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट, मागे डॉकरमधे (प्रोग्रॅमची बंद पेटी) बॉट. वापर नसला की झोपणारं फुकट होस्टिंग नको, ते जागं होईपर्यंत तिकडून मेसेज पुन्हा येतो. तसाही वेबहुकला वेळेत २०० (‘मिळालं’ असं सांगणारा कोड) गेलं नाही की तोच मेसेज परत येतो, म्हणून आधी २०० द्यायचं, काम रांगेत टाकायचं, आणि मेसेजचा आयडी डेटाबेसमधे युनिक ठेवायचा. नाहीतर एकदा दाबलेल्या मुदतवाढीला दोनदा पंधरा दिवस मिळतात. (सभासदांची तक्रार नसते यावर.)

टेस्टिंगला वेगळा बॉट आणि वेगळं टोकन घ्या. एकच टोकन लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर एकाच वेळी पोलिंग करायला लागलं की ४०९ एरर येते आणि दोघं एकमेकांना बाहेर ढकलत बसतात. अभ्यासिकेच्या ग्रुपमधे बॉट टाकणार असाल तर हेही ध्यानात ठेवा की प्रायव्हसी मोड मुळातच चालू असतो, त्याला कमांड आणि त्याला उद्देशून केलेले रिप्लाय एवढंच दिसतं, पोरं ग्रुपवर काय गप्पा मारतात ते दिसत नाही. तो मोड तसाच राहू द्या.

व्हॉट्सॲपसाठी नवीन सिम घेतलं, वाचनालयाचा नेहमीचा नंबर मॅडमच्या हातातच राहिला. बाकी तिथं कोडपेक्षा कागदांना जास्त वेळ लागतो, संस्थेची पडताळणी, दिसणाऱ्या नावाची मंजुरी, आणि आमच्या कागदावर ‘ग्रंथालय’ तर पाटीवर ‘वाचनालय’, तेव्हा सचिवकाकांना दोन चकरा जास्त झाल्या.

सध्या जे अडलंय ते व्हॉइस नोटचं. टेलिग्रामवरची पोरं बटणं दाबतात, व्हॉट्सॲपवरचे आजीआजोबा बटणाकडे बघतही नाहीत, सरळ माइक दाबून बोलतात, आधी तब्येतीची चौकशी, मग नातवाचं, मग ‘ते मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात ते पुस्तक आलं का’. कुठलं पुस्तक, ते मॅडमनाच माहीत. आवाजाचं मजकुरात रूपांतर करून बघायचा विचार होता, पण त्या पुस्तकाचं नाव मुळात नोटमधे नसतंच, तर रूपांतर करून काय करणार. म्हणून आता व्हॉइस नोट आली की बॉट ‘निरोप मॅडमना दिला आहे’ एवढं सांगतो आणि ती त्यांच्या फोनवर पाठवून देतो. त्या दुपारी काउंटर रिकामं असताना ऐकतात आणि स्वतः फोन करतात.